श्वास कुठं घ्यायचा: चार गाण्यांच्या हॉर्न सेक्शनच्या नोंदी

१२ सप्टेंबर

नाटकाचं काम पक्कं झालं. १९६० च्या दशकातल्या एका लग्नाच्या बँडची गोष्ट, चार गाणी, आणि प्रयोगात ती ध्वनिमुद्रित वाजणार. ढोलकी, हलगी, हार्मोनियम आणि गाणारे खरे. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनचा ताफा मात्र संगणकातून काढायचा आहे. पाच वादकांना दोन दिवस बसवायचं म्हटलं तर हौशी मंडळींची सगळी वर्गणी तिथंच संपेल. हॉर्नसाठी मला २५,००० रुपये वेगळे काढून दिलेत.

दिग्दर्शकाशी बोलताना एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घेतली. तो 'हॉर्न' म्हणतो तेव्हा त्याला जुन्या सिनेमातला खणखणीत ताफा हवा असतो. सिम्फनीवाल्यांच्या भाषेत मात्र 'हॉर्न' म्हणजे गोल वळणाचं फ्रेंच हॉर्न. जॅझ आणि पॉपमध्ये 'हॉर्न सेक्शन' म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्स. त्यातही सॅक्स पितळेचा असला तरी रीडवर, म्हणजे पातळ पत्तीवर वाजतो, म्हणून तो वुडविंडमध्ये, म्हणजे बासरी-क्लॅरिनेटच्या घराण्यात मोडतो. 'ब्रास' असं नाव असलेली लायब्ररी, म्हणजे वाद्यांच्या आवाजांचा तयार संगणकी संच, घेतली तर तिच्यात सॅक्स बहुतेक नसतो. नुसत्या नावावर जाऊन पैसे घालवायला नकोत, म्हणून हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतोय.

सामान: १६ जीबी रॅमचा संगणक, अर्धी भरलेली एसएसडी, ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर रीपर, ४९ पट्ट्यांचा कीबोर्ड. कोल्हापुरात राजारामपुरीतली आमची मागची खोली.

१५ सप्टेंबर

सूर ठरवले. पहिलं बँडचं गाणं काळी पाच, दुसरी लावणी काळी चार, तिसरं संथ गाणं काळी एक. चौथ्यासाठी गायकानं पांढरी तीन सांगितली.

कीबोर्डवर बसून लिहिणाऱ्याला सगळे सूर सारखेच. पण पुढंमागं यावर खरा ट्रम्पेट घ्यायची वेळ आली तर? ट्रम्पेट बी फ्लॅटचा, म्हणजे वादक जो स्वर वाचतो त्याच्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतो. काळी पाच म्हणजे बी फ्लॅट, ट्रम्पेटवाल्याला तो सरळ सी मेजर, एकही फ्लॅट-शार्प, म्हणजे कोमल-तीव्रची खूण, नाही. काळी चार त्याच्यासाठी बी फ्लॅट, काळी दोन एफ, काळी एक ई फ्लॅट. आपल्या गाणाऱ्यांच्या काळ्या पट्ट्या पितळी वाद्यांना अशा आयत्या सोयीच्या पडतात. मला हे इतक्या वर्षांत कधी नीट मांडून बघावंसं वाटलं नव्हतं. आज कागदावर पाचही काळ्या पट्ट्या लिहून काढल्या तेव्हा फार आनंद झाला. आणि पांढरी तीन? तिथं ट्रम्पेटवाल्यापुढं सहा शार्प येतात.

गायकाला फोन करून पांढरी चार घ्यायला सांगितली. अर्ध्या स्वरानं त्याला काही त्रास नाही, तो लगेच तयार झाला. ट्रम्पेटला आता एकच शार्प.

१८ सप्टेंबर

आधी फुकट मिळतं ते बघितलं. स्पिटफायर कंपनीची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर ही लायब्ररी उतरवली, जेमतेम २०० एमबी. लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत रेकॉर्ड झालेल्या मोठ्या संचाचं हे छोटं रूप. म्यूजस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरसाठी फुकट मिळणारे म्यूज साउंड्सही लावून ऐकले. कच्चा आराखडा ऐकवायला दोन्ही उत्तम. गायिकेला लावणीचे तुकडे मी यावरच पाठवले, तिला अंदाज आला.

पण डिस्कव्हर सिम्फनीच्या कामासाठी केलेली आहे. तिच्यात मोठ्या दालनाची आस, म्हणजे मागं घुमत राहणारी गुंज आहे, आणि सॅक्स नाही. लावणीत मिनिटाला १०४ मात्रांच्या लयीला एक मात्रा ५७७ मिलिसेकंदांची. हॉर्ननं एक फटका मारून गप्प बसायचं असतं, त्या मोकळ्या जागेत ढोलकी बोलते. दालनाची आस त्या जागेत शिरली की ढोलकीची थाप पुसट होते. विकतच्या लायब्रऱ्यांपैकी सिनेब्रास लॉस एंजेलिसच्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड झालीय, बर्लिन ब्रास टेल्डेक्स स्टुडिओत. दोन्हीकडची जागा आवाजात मुरलेली आहे, आणि सिनेमाच्या पार्श्वसंगीताला तेच हवं असतं. आपल्याला हवाय कोरडा आवाज, जवळून घेतलेला. आस वरून घालता येते, आत मुरलेली काढता येत नाही.

२१ सप्टेंबर

चाचणीसाठी आठ बारचा एक तुकडा लिहिला, चौथ्या गाण्यातला, ९२ च्या लयीत. दोन ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, टेनर सॅक्स. त्यात मुद्दाम सगळं घातलं: छोटे फटके, एक लांब स्वर जो हळू सुरू होऊन फुगत जातो, एक घसरता शेवट, आणि एक मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं.

पुण्यातल्या मित्राकडे बऱ्याच लायब्रऱ्या आहेत. त्याला मिडी फाइल, म्हणजे आवाज नसलेली नुसती स्वरांची संगणकी नोंद पाठवली, त्यानं स्वतःच्या मशीनवर लावून ऑडिओ परत पाठवले. सहा नमुने आले. ऐकायच्या आधी सगळ्यांची पातळी एकसारखी केली. हे न करता ऐकलं तर जो नमुना जोरात तोच चांगला वाटतो, कानाची ही खोड मोडत नाही.

पहिल्या ऐकण्यात तीन नमुने वाईट वाटले, आणि चूक माझी होती हे तासाभरानं कळलं. एकच मिडी सगळ्यांना देणं म्हणजे एकच माप घेऊन सहा जणांचे सदरे शिवणं. कुठं आवाजाचा जोर कीबोर्डच्या मॉड्युलेशन व्हीलवर, म्हणजे मिडीतल्या सीसी १ या नियंत्रणावर चालतो. कुठं सीसी ११ वर, कुठं पट्टी किती जोरात दाबली यावर. ज्याला सीसी ११ हवा होता त्याला मी तो दिलाच नव्हता, म्हणून लांब स्वर दगडासारखा सपाट आला. सगळे नमुने पुन्हा, प्रत्येकाच्या रीतीनं लिहून पाठवायचे.

२४ सप्टेंबर

नवरात्र सुरू आहे. गल्लीत स्पीकर, रस्त्यावर देवीला चाललेली गर्दी. माइक उघडायचा प्रश्नच नाही, ऐकण्याचं काम मात्र होतं.

मामांना बोलावलं. मामा मंगळवार पेठेत राहतात. ३५ वर्षं बँडमध्ये कॉर्नेट आणि ट्रम्पेट वाजवला. पुढचे दात गेल्यावर वाजवणं सोडलं, कवळीवर माउथपीस बसत नाही. कान मात्र शाबूत आहे. कुठला नमुना कुणाचा हे न सांगता सगळे ऐकवले. मामा खुर्चीत पुढं वाकून बसले होते, डोळे मिटलेले, उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर. स्वर बदलला की बोटं व्हॉल्व्ह दाबल्यासारखी खाली जायची. पहिली दोन, मग मोकळी, मग नुसतं पहिलं. तिसऱ्या नमुन्याला बोटं मध्येच थांबली.

"हे कोण वाजवालाय?"

"संगणक, मामा."

"ते कळलं रे. पण ह्यो श्वास कुठं घ्यालाय?"

मी हिशोब केला. आठ बार, ३२ मात्रा, ९२ ची लय, म्हणजे जवळजवळ २१ सेकंद. मी पहिल्या ट्रम्पेटला त्यात कुठंही मोकळी जागा दिली नव्हती, आणि अर्धा भाग वरच्या पट्टीत जोरात होता. "एवढं फुंकलं तर माणूस चक्कर येऊन पडंल," मामा म्हणाले. मग त्यांनी पेन्सिल मागून घेतली. त्यांना स्टाफ नोटेशन वाचता येत नाही, म्हणून मी लिहिलेल्या सरगमवरच खुणा केल्या. चार ठिकाणी उभी रेघ.

त्या चार जागा मोकळ्या करून तोच नमुना परत लावला. लायब्ररी तीच, आवाज तोच, आणि तुकडा जिवंत झाला. मला वाटतं आजपर्यंतच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही. मी आठवडाभर लायब्रऱ्या ऐकत होतो, आणि कमी होतं ते माझ्या लिहिण्यात.

२७ सप्टेंबर

सहाही नमुने श्वासाच्या जागा सोडून पुन्हा. आता फरक स्पष्ट दिसायला लागले.

सॅम्पल लायब्ररीत खऱ्या वादकाकडून एकेक स्वर वाजवून घेतलेला असतो, हळू, मध्यम, जोरात अशा थरांनी. शिवाय तोच स्वर तसाच पुन्हापुन्हा वाजवून ठेवलेला, म्हणजे राउंड रॉबिन. चार फटके सलग मारले तर चार वेगवेगळे वाजलेले फटके मिळतात. हे नसलं की एकच फटका चार वेळा छापल्यासारखा येतो. सॅम्पलचा आवाज खरा, कारण तो खऱ्या ओठांतून निघालेला आहे. अडचण लांब स्वरात येते. हळूपासून जोरापर्यंत फुगवत नेताना एक थर विरतो आणि दुसरा चढतो. मधल्या क्षणाला दोन ट्रम्पेट एकदम वाजतात, आणि एकट्या वाद्यात ते कानाला लागतं, आवाज पोकळ होतो. ताफ्यात ते झाकलं जातं.

ऑडिओ मॉडेलिंग कंपनीच्या स्वॅम या संगणकी वाद्यांमध्ये साठवलेला आवाजच नाही. नळीतली हवा आणि ओठांचं कंपन यांचं गणित संगणक त्या क्षणी करतो. जागा फार थोडी लागते, ताण प्रोसेसरवर येतो. जोर सतत कंट्रोलरनं द्यावा लागतो, म्हणजे आपणच फुंकायचं. नुसती पट्टी दाबून ठेवली तर काहीच हाती लागत नाही. पण थर नसल्यामुळं आवाज फुगवताना कुठं सांधा दिसत नाही. आणि मींड! सॅम्पलला पिच बेंड दिला, म्हणजे चाकानं स्वर वर-खाली सरकवला, की स्वराबरोबर वाद्याचा पोतही ताणला जातो, टेप हळू-जलद केल्यासारखा. मॉडेलमध्ये स्वर सरकतो, वाद्य जागेवर राहतं. गंधारावरून मध्यमावर जाणारी ती संथ मींड पुण्याच्या मित्रानं स्वॅमवर करून पाठवली आणि मामांनी डोळे उघडले.

फटक्यांना मात्र मामांनी सॅम्पलच निवडले. "ह्यात पितळ हाय," एवढंच म्हणाले.

३० सप्टेंबर

परवा दसरा. निर्णय झाला.

ताफ्यासाठी नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचं सेशन हॉर्न्स प्रो. कारणं: आवाज पॉप-फंकच्या वळणाचा, जवळून घेतलेला. सॅक्स आहे. लायब्रऱ्या वाजवणाऱ्या कॉन्टॅक्ट या सॉफ्टवेअरच्या फुकटच्या प्लेअरवर चालतं, पूर्ण कॉन्टॅक्ट विकत घ्यावं लागत नाही. एकट्या वाद्यासाठी, म्हणजे तिसऱ्या गाण्यासाठी, स्वॅमचा ट्रम्पेट संच, त्यात फ्लुगलहॉर्न, म्हणजे ट्रम्पेटच्या जातीचं मऊ आवाजाचं वाद्यही आहे. क्रिस हाइन हॉर्न्स या लायब्ररीवरही मन बसलं होतं, त्यात वाजवण्याच्या तऱ्हांची रेलचेल आहे. पण त्या शिकून हातात बसवायला महिना लागला असता, आणि माझ्याकडे महिनाच आहे.

दोन्ही मिळून रक्कम २५,००० च्या थोडी वर गेली. वरचे मी घातले. ब्रेथ कंट्रोलर घ्यायची फार इच्छा होती, तोंडात धरून फुंकला की तोच जोर सीसी २ वर जातो. पैसे उरले नाहीत. जुना एक्स्प्रेशन पेडल आहे, पायानं काम भागवायचं.

४ ऑक्टोबर

उतरवायला दोन रात्री लागल्या, लाइन दोनदा तुटली. एसएसडीवरचे जुने प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर हलवले.

७ ऑक्टोबर

अर्धा दिवस एका साध्या गोष्टीत गेला, लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाचा जाऊ नये. वाजवण्याची तऱ्हा बदलायला कीस्विच असतो, खालची एक पट्टी दाबली की लांब स्वराचा फटका होतो. मित्रानं सांगितलं, सी ०. मी रीपरमध्ये सी ० लिहिला, काही होईना. मिडीचा ६० नंबरचा मधला सी कॉन्टॅक्टमध्ये सी ३ म्हणून दिसतो आणि रीपरमध्ये सी ४. एका सप्तकाचा फरक. मित्राचा सी ० म्हणजे नंबर २४, तो माझ्या पडद्यावर सी १. आता नोंदीत नावाऐवजी नंबरच लिहायचा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ताफ्याचा पॅच, म्हणजे लायब्ररीतला एक तयार आवाज उघडला आणि दोन्ही हातांनी तीन स्वरांचा कॉर्ड दाबला तर काय वाजतं? तीन ट्रम्पेटचा एकत्र रेकॉर्ड केलेला पॅच असेल तर प्रत्येक स्वराला तीन, म्हणजे नऊ ट्रम्पेट. लग्नाच्या बँडात नऊ ट्रम्पेट कुठले? आवाज जाड होतो, कडा जातात, आणि ऐकणाऱ्याला कारण न कळताही ते खोटं वाटतं. सेशन हॉर्न्स प्रोमध्ये स्मार्ट व्हॉइस स्प्लिट आहे, कॉर्डमधला एकेक स्वर एकेका वादकाला वाटून देतो. पटकन काही सुचवून बघायला ते छान. पण अंतिम लिहिताना मी प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेतलं, एका वेळी एकच स्वर. मग आपसूक लक्षात येतं की ट्रॉम्बोनला सातव्या मात्रेवर काय करायचंय, तो कुठून कुठं उडी मारतोय. ट्रॉम्बोनला सरकती नळी असते. लांबच्या दोन स्थानांवर सोळाव्या हिश्श्यात जाता येत नाही, हे कीबोर्ड कधीच सांगत नाही.

१० ऑक्टोबर

लावणी. आज मनासारखं काम झालं.

रचना साधी ठेवली: बहुतेक फटके सगळ्यांचे एकाच स्वरावर, ट्रम्पेट वर, सॅक्स आणि ट्रॉम्बोन एक सप्तक खाली. पहिल्या कच्च्या खर्ड्यात मी सगळीकडे चार-चार स्वरांची भरणी केली होती. ती सगळी काढली. एका सुरात मारलेला फटका ढोलकीच्या बोलांशी भांडत नाही. भरणी फक्त दोन ठिकाणी, जिथं गायिका ओळ संपवून अदा करते.

घसरत्या शेवटावर तीन तास गेले. फॉल म्हणजे स्वर सोडताना वादक खाली घरंगळत जातो तो भाग. लायब्ररीतला फॉल रेकॉर्ड केलेला, त्याची लांबी ठरलेली. मी मोजला, एका मात्रेपेक्षा थोडा लांब. त्यामुळं तो ढोलकीच्या उठावणीवर चढत होता, आणि उठावणी ही तर लावणीची जान. स्वर पाव मात्रा आधी सुरू केला तर फटका चुकतो. शेवटी फटका वेगळ्या नोटेनं मारला आणि त्याला जोडून छोटा फॉल लावला, शेपूट व्हॉल्यूमनं उठावणीच्या आधी मिटवली. टेनर सॅक्सचा फॉल काढूनच टाकला, तो सरळ थांबतो. चौघं एकसारखे घसरले की मशीन वाटतं. तिघं घसरले आणि एक थांबला की माणसं वाटतात.

वेळेचा घोळ: एका पॅचमध्ये जोडस्वर, म्हणजे आधीच्या स्वराला न तोडता जोडलेला स्वर, दाबल्यापासून खरा ऐकू येईपर्यंत उशीर होता. वेव्हफॉर्म मोठा करून मोजला, साधारण ७० मिलिसेकंद. जोडस्वराची सुरुवात रेकॉर्डिंगमध्येच आहे, तिला तेवढा वेळ हवाच. रीपरमध्ये त्या ट्रॅकचा प्लेबॅक ऑफसेट तेवढाच मागं ओढला, म्हणजे तो ट्रॅक तेवढा आधी सुरू होतो. फटक्यांचा ट्रॅक वेगळा, त्याला हात लावला नाही.

१५ ऑक्टोबर

तिसरं गाणं. रूपक, सात मात्रा, लय ७२. बँडमास्तर एकटा बसलाय, आणि फ्लुगलहॉर्न त्याच्याशी बोलतो. हे गाणं मला या चौघांत सगळ्यात जवळचं आहे.

डाव्या हातानं पट्ट्या, उजव्या पायानं पेडल. पहिल्या दिवशी सगळंच पायाच्या लयीत डुलायला लागलं, झोपाळ्यासारखं. कारण मी प्रत्येक स्वर फुगवून सोडत होतो. मामांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, फुंकर एकच असते, स्वर तिच्यावर तरंगतात. म्हणजे जोराची कमान पूर्ण ओळीची, एकेका स्वराची नाही. पेडलचं सगळं रेकॉर्डिंग पुसलं, गायकानं म्हटलेली ओळ हेडफोनमध्ये लावली आणि तो श्वास घेईल तिथंच पाय उचलला. चौथ्या खेपेला जमलं.

मींड पिच बेंडनं, हातानं. पडद्यावर माउसनं आखलेली सरळ रेघ लगेच ओळखू येते. खरी मींड आधी रेंगाळते, मग सरकते, आणि पोचताना किंचित वर जाऊन स्वरावर बसते. कंपन उशिरा आणि थोडंच. लांब स्वराच्या पहिल्या अर्ध्या भागात अजिबात नाही.

२४ ऑक्टोबर

दिवाळीत काम बंद होतं.

पहिलं बँडचं गाणं. इथं उलटा प्रश्न, आवाज फार स्वच्छ येतोय. रस्त्यावरचा बँड असा वाजत नाही. युफोनियम, म्हणजे खालच्या सुरांचं भरीव पितळी वाद्य, मला वेगळा मिळाला नाही, म्हणून ट्रॉम्बोन हळू थरात घेऊन वरची धार कापली, खालची चाल त्याच्याकडे दिली. दोन ट्रम्पेट एकाच चालीत, पण दोघांना वेगवेगळा वाजवला, एकाची नक्कल दुसऱ्यावर चिकटवली नाही. दुसऱ्याला ८ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) खाली ठेवला आणि कधी पुढं कधी मागं जाऊ दिला. क्वांटाइझ, म्हणजे नोटा संगणकानं मोजून मात्रेवर बसवणं, कुठंच नाही. नाटकवाल्यांना हे गाणं सगळ्यात आधी आवडलं.

चौथ्यात तुतारी हवी असं दिग्दर्शकानं सांगितलं. तुतारीला व्हॉल्व्ह नसतात, तिच्यातून निघतात ते नळीचे स्वाभाविक स्वर: सा, पा, वरचा सा, गा, पा. तालमीपुरतं ट्रॉम्बोनवर फक्त तेवढेच स्वर वापरून लिहिलं. मधला एक रे घातला असता तरी तुतारीपण गेलं असतं. अंतिमला तुतारी खरीच घेणार, ओळखीचे एक तुतारीवाले तयार आहेत.

२८ ऑक्टोबर

खरा ट्रम्पेट.

मामांनी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका पोराला आणलं. तुळशीची लग्नं लागली की त्याला सवड नाही, म्हणून आजच. खोलीत तीन भिंतींना वाकळा टांगल्या, पंखा बंद. माइक भोंग्यापासून दोन फुटांवर, तोंड थोडं तिरपं, नाहीतर वरचे स्वर कानात घुसतात. त्याच्यासाठी बी फ्लॅटमध्ये पानं लिहून ठेवली होती, शेजारी सरगमही.

सुरुवातीला तो १५ सेंट खाली होता. थंड ट्रम्पेट खाली बोलतो, आतली हवा तापली की वर चढतो. ट्यूनिंग स्लाइडला हात लावू नको म्हटलं, वीस मिनिटं नुसतं वाजव. मग आपोआप जागेवर आला. संगणकातले हॉर्न ४४० हर्ट्झच्या सुराला खिळलेले, तिथं तडजोड त्यालाच करावी लागते.

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या गाण्यात पहिल्या ट्रम्पेटची ओळ त्यानं वाजवली. मग मी संगणकातला पहिला ट्रम्पेट पूर्ण बंद केला. दोन्ही ठेवून बघितलं होतं, एकमेकांवर घासतात. वरचा एक आवाज खरा झाला आणि खालचे तिघं अचानक त्याच्या बाजूला येऊन उभे राहिल्यासारखे वाटले, त्यांच्यात काहीही बदललं नसताना. कान वरची ओळ धरतो.

तो हलगीच्या किंचित मागं वाजवतो, २० ते ३० मिलिसेकंद. त्याचा टेक सरळ करायचा मोह झाला. मामांनी मान हलवली. मग संध्याकाळी उलटं केलं: त्याचे फटके जागेवर ठेवले आणि ट्रॉम्बोन, सॅक्स, दुसरा ट्रम्पेट यांच्या नोटा एकेक करून त्याच्यामागं नेल्या. चारशेच्या आसपास नोटा होत्या. रात्री दीड वाजला.

१ नोव्हेंबर

मिक्स. सगळ्या हॉर्नना एकच छोट्या खोलीची आस, खऱ्या ट्रम्पेटलाही तीच. कोरडे आवाज घेतल्याचा फायदा आज मिळाला, सगळे एकाच जागेत बसले. सॅक्स आणि गायिकेचा आवाज एकाच पट्ट्यात येतो, तिथं सॅक्स थोडा कापला. तिसऱ्या गाण्याला वेगळी, लांब आस. तिथं खरा ट्रम्पेट घेतला नाही. पोरानं एक टेक देऊन बघितला होता, चांगला होता, पण मींड तो ओठांनी ओढतो आणि गाण्याचा बाज बदलतो. फ्लुगलहॉर्नच ठेवला.

तुतारी परवा घेतली, दोन टेकमध्ये झाली.

४ नोव्हेंबर

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या फाइली दिल्या. हॉर्न, ताल, हार्मोनियम, आवाज असे चार वेगळे गट, म्हणजे प्रयोगाच्या जागी हॉर्न कमी-जास्त करता येतील. मिडी, पॅचची नावं, कीस्विचचे नंबर आणि ऑफसेट एका मजकूर फाइलमध्ये लिहून सोबत ठेवले.

६ नोव्हेंबर

रंगीत तालीम. मामा शेवटच्या रांगेत बसले होते, मी शेजारी. तालमीच्या हॉलचे स्पीकर मधल्या पट्ट्यात भरीव, ट्रॉम्बोन संवादावर येत होता, हॉर्नचा गट २ डीबीनं खाली घ्यायला सांगितला. बाकी तीन गाण्यांना मामा काही बोलले नाहीत.

तिसरं गाणं सुरू झालं तशी त्यांची तीन बोटं गुडघ्यावर आली. सगळी चाल त्यांनी बोटांनी माझ्याबरोबर वाजवली. पाचव्या आवर्तनात, मींडेच्या आधी, बोटं वर उचलली गेली आणि छाती भरली. फ्लुगलहॉर्न मात्र त्यांच्या आधी सुरू झाला. तिथं मी पाव मात्रेची जागा सोडली होती, ती कमी पडत होती.

रात्री घरी येऊन ती अर्धी मात्रा केली आणि फाइल पुन्हा पाठवली.